चाचांच्या नावावर शून्य लिटर

चाचा, गेल्या आठवड्यात तुमच्या शोकसभेत आपल्या डेअरीच्या मॅनेजरसाहेबांनी तुम्हाला दुसऱ्यांदा कामावरून काढलं. टेबलावर तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार. हार घातलेला तुम्हाला चालला नसता, पण विचारतंय कोण? आणि हा गृहस्थ माइक हातात धरून, गळा दाटून आल्याचं सोंग करत सांगतो, "मुनीरचाचा मनानं फार मोठे. पण काळाबरोबर चालणं त्यांना जमलं नाही. त्यांचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हातारा झाला होता. लोकांना रांगेत ताटकळावं लागायचं, डोंगरातल्या बायकांचं दूध नासलं, तरी आम्ही त्यांना कधी उणा शब्द बोललो नाही." उणा शब्द बोललो नाही! वा रे वा! मग तो बोलला काय हो ते?

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी म्हणजे तुमची सुवर्णा, जिला तुम्ही अख्ख्या ऑफिसात "ही बघा आमची पुण्याची पदवी" म्हणून चिडवायचात. मी उठून उभी राहिले का? नाही. चहा आला तो प्यायले, बिस्कीटसुद्धा खाल्लं. आणि आता घरी बसून कागदावर आरडाओरडा करतेय. मला राग आलाय तो साहेबांचा, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. थोडा तुमचाही आलाय, ते पुढं सांगते.

शोकसभेच्या आधी, तुमच्या जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला, मी जुन्नरला तुमच्या घरी आले होते. बाहेर माणसं बसलेली. चाचींनी मला हाताला धरून आत नेलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळूच विचारलं, "सुवर्णा, खरं सांगशील? ह्यांच्या प्रोग्राममुळंच लोकांचं दूध नासलं का गं?"

मी म्हटलं, "असं का विचारता, चाची?"

"शेवटचे आठ दिवस एकच घोकत व्हते. म्हणायचे, मला आता नवं काय कळत न्हाई, माझंच कुठंतरी चुकलं असंल. डोंगरातल्या बायांनी पायपीट करून आणलेलं दूध माझ्यापायी फेकलं गेलं असंल, तर वर जाऊन काय तोंड दाखवू?"

मी "छे हो, असं कसं" असं काहीतरी पुटपुटले आणि चप्पल घालून निघाले. खरं सांगायचं तर थोडं मला माहीत होतं, ते पुढं येईलच; पण पुरतं माहीत नव्हतं. चार महिने सगळं ऑफिस तुमच्या नावानं बोटं मोडत होतं आणि मी एकदाही तपासून बघितलं नव्हतं. जिला डेअरीनं ह्याच कामाला ठेवलंय तिनं!

चाचा, तुम्ही रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून डेअरीत आलात तेव्हा मी शाळेत होते. जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या संकलन केंद्रांवर तुमचा प्रोग्राम चालायचा. काटा, फॅट मोजायचं मशीन, पावतीचा प्रिंटर, सगळं तोच सांभाळायचा. वीज दहा वेळा जाऊ दे, जिथं थांबला तिथून निमूट पुढं सुरू. कुणी कौतुक केलं नाही, कारण बिघडलाच नाही कधी. मग डेअरीला नवं काहीतरी हवं झालं. भेसळीची तपासणी, मोबाइलवर मेसेज, सभासदांची नवी यादी. ते काम मला मिळालं. ठरलं असं, की तुमचा जुना प्रोग्राम तसाच ठेवायचा, मी नव्या पद्धतीचा एक भाग लिहायचा, आणि जुन्यानं लागेल तेव्हा नव्याला हाक मारून विचारायचं.

ऐकायला किती सोपं! पण जुन्याची बोली वेगळी, नव्याची वेगळी. मधे एक दुभाषी बसतो. जुन्यानं काही विचारलं की तो प्रश्न उलटून नव्याला सांगायचा, नव्याचं उत्तर उलटून जुन्याला द्यायचं. प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा, दर वेळी. एका खेपेला लागतो तो वेळ डोळ्याची पापणी लवण्याएवढाही नाही. पण मी माझा भाग असा बांधला होता, की त्याच्याकडे एका वेळी एकच गोष्ट मागता यायची. बाई किटली घेऊन काट्यावर आली की तुमच्या बिचाऱ्या प्रोग्रामनं माझ्या यादीतला पहिला सभासद मागायचा. ही का? नाही. मग दुसरा मागायचा. ही का? नाही. अशी सगळी यादी पालथी घालायची. सापडली की नाव वेगळं मागायचं, गाव वेगळं, गाय की म्हैस ते वेगळं. दुसरा रस्ताच मी ठेवला नव्हता. मला ते फार नीटनेटकं वाटायचं. कपाळ माझं!

तुम्ही सांगितलं होतंत. स्टँडसमोर चहा पिताना सांगितलं होतंत, आणि त्यावरून आपलं वाजलं होतं. "पोरी, मी तुला नुसता सभासद नंबर देतो, तू मला त्या बाईचं सगळं एका दमात दे. सारखी ये-जा नको." मी म्हटलं, "चाचा, असं नसतं करायचं. डिझाइन बिघडतं." तेव्हा तुम्ही डोंगरावरच्या आहुप्याची गोष्ट काढलीत. त्या रस्त्यावरच्या केंद्रात मशीन बसवायला गेला होतात, तेव्हा बघितलेली. खाली घोडेगावला एकजण निघाला, की आधी घरोघर फिरतो. कुणाची चहापावडर, कुणाची खोकल्याची बाटली, कुणाचे बॅटरीचे सेल, कुणाचा चपलेचा अंगठा. सगळ्यांची मिळून एक चिठ्ठी होते आणि एकच माणूस एका एसटीनं सगळ्या वाडीचं सामान घेऊन येतो. "एका काड्याच्या पेटीसाठी कोण घाट उतरंल का गं?" तुम्ही विचारलंत.

आणि मी, पुण्याची पदवी, काय म्हणाले? "चाचा, कॉम्प्युटरचे पाय दुखत नाहीत."

तुम्ही हसलात. बशीत चहा ओतलात. म्हणालात, "पाय न्हाई दुखत बेटा, पण रस्ता तेवढाच लागतो ना?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, जुना माणूस, नव्याला नाक मुरडतोय. आणि आता तुमच्यावरचा राग काढते, ऐकून घ्या. तुम्हाला माझी चूक दिसत होती, तर माझ्या भागात शिरून दुरुस्त का केली नाहीत? पासवर्ड माझ्या टेबलाला चिकटवलेला होता! पण नाही. तुमचा दुकानापासूनचा नियम, दुसऱ्या कारागिरानं बंद केलेला सेट त्याला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. मी तुमच्या प्रोग्रामला हात लावला नाही तो तोऱ्यापायी, तुम्ही माझ्याला लावला नाहीत तो रीतीपायी. दोघांच्या मधला रस्ता मात्र कुणाच्याच बापाचा नव्हता. रांग तिथं तुंबली.

मग ते शून्य लिटर. माझ्या भागाची आणखी एक खोड होती. दिवसातली पहिली हाक आली की तो एकदम उठायचा नाही. आपलं सगळं बस्तान आधी मांडायचा, मग पहिलं उत्तर द्यायचा. एकदा उठला की दिवसभर जागा. केंद्रावरच्या जुन्या कॉम्प्युटरांवर ह्या उठण्यात काही मिनिटं सरळ जायची, आणि तोवर काट्यापुढं रांग लागलेली. तुम्ही मला काही न बोलता ह्यावर उपाय केलात. पहाटेची नमाज झाली, की घरच्या कॉम्प्युटरवरून एकेका केंद्राला जोडून घ्यायचं आणि तुमच्या स्वतःच्या नावानं एक एंट्री टाकायची. मुनीर, जुन्नर, म्हैस, शून्य लिटर. माझा भाग जागा व्हायचा. पहिली किटली यायची तेव्हा सगळं तयार. रोज, ईदला पण. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणि चैत्रातल्या मीटिंगमध्ये साहेबांच्या हाती त्या शून्य लिटरच्या एंट्र्या लागल्या. काय खूश झाला होता माणूस! "चाचा, तुमच्या घरी शेळीसुद्धा नाही, आणि रोज म्हशीचं दूध घालताय?" सगळे खो खो हसले. तुम्ही म्हणालात, "साहेब, ती मशीन जागी करायला टाकतो." साहेब म्हणाले, "मशीन काय झोपते का?" परत हशा. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. ह्या बोगस एंट्रीची काही गरज आहे का?"

चाचा, मला त्याच क्षणी समजलं होतं. "मशीन जागी करायला" एवढं ऐकलं आणि मला लख्ख कळलं की तुम्ही काय करताय आणि का करताय. पण हो म्हणायचं, म्हणजे सगळ्यांपुढं कबूल करायचं की माझा नवाकोरा भाग सकाळी उठत नाही. मी म्हणाले, "गरज नसावी, सर."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, रागानं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. चष्मा काढून सदऱ्याला पुसलात आणि परत घातलात. दुसऱ्या दिवसापासून शून्य लिटर बंद.

पुढचं सगळं त्यातून झालं. आहुप्याच्या रस्त्यावरच्या केंद्रावर रांग आधीच हळू सरकायची, आता सुरूच उशिरा व्हायला लागली. वरच्या वाडीतल्या चिमाबाई ज्या जीपनं दूध आणतात ती सगळ्यात शेवटी येते, त्यामुळं त्या नेहमी शेपटाला. वैशाखातल्या त्या सकाळी मी साहेबांबरोबर तिथं होते. ऊन पत्र्यावर आलं तरी रांग हलेना. चिमाबाईंनी किटलीवर ओला फडका टाकला होता, तो वाळला, त्यांनी परत भिजवला. त्यांचा नंबर आला तेव्हा दूध फाटलं होतं. केंद्रावरच्या माणसानं मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, "धार काढली तवा चांगलं व्हतं वो." आणि कडेला जाऊन किटली उपडी केली. माझ्या डोळ्यांदेखत. पुढच्या आठवड्यात आणखी दोघींचं तसंच झालं.

खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते आधीच ठरलेलं होतं. प्रोग्राम जुना ना? मग हळू तोच असणार! तपासायची गरज कुणालाच वाटली नाही, नवं म्हणजे चांगलंच असतं ना! साहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, "चाचा, पुष्कळ केलंत, आता विश्रांती घ्या." तुम्ही ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर, अत्तराची कुपी आणि सोल्डरची गुंडाळी पिशवीत घातलीत. माझ्या टेबलाशी थांबून म्हणालात, "चलतो बेटा. केंद्रावरच्या बायांकडं लक्ष दे." मी स्क्रीनवरून नजर वर केली नाही. दीड महिन्यात तुम्ही गेलात.

शोकसभा संपली तशी मी स्कूटी काढली आणि तडक त्या केंद्रावर गेले. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. तुमचा प्रोग्राम आयुष्यात पहिल्यांदा उघडून ओळ न् ओळ वाचला. जिथून माझ्या भागाला हाक जाते, तिथं तुम्ही मराठीत टीप लिहून ठेवली होती. "इथून पुढे सुवर्णाचे काम. हात लावू नये. तिला विचारावे." मी तिथंच भोकाड पसरलं. बाहेरचं कुत्रं उठून आत डोकावून गेलं.

मग डोळे पुसले आणि मोजायला बसले. तुमच्या प्रोग्रामला स्वतःच्या कामाला किती वेळ लागतो? नगण्य. माझ्या भागाला? तोही नगण्य. आणि मधली ये-जा? सगळा वेळ तिथं! दुभाषी बिचारा सकाळभर एकेक नाव इकडून तिकडं वाहत होता. चाचा, तुम्ही स्टँडसमोर सांगितलं होतंत तेच, तसंच्या तसं. मी नवा रस्ता केला. एक नंबर जाणार, त्या बाईचं सगळं एकाच खेपेत परत येणार. लिहायला चहा निवायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. आणि मशीन सुरू झालं की आपोआप एक एंट्री पडेल अशी सोय केली. मुनीर, जुन्नर, म्हैस, शून्य लिटर. नाव बदलायला हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पत्र्यावर यायच्या आत केंद्र रिकामं. साहेबांना फोन गेला. ते ऑफिसात आले ते हात चोळतच. "बघा! चाचांच्या पद्धती सुटल्या आणि सिस्टीम कशी पळायला लागली!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी सगळ्यांसमोर सांगितलं. चाचांचा प्रोग्राम कधीच हळू नव्हता, चूक माझ्या भागात होती, शून्य लिटर बंद करायला मीच मान डोलावली होती. साहेबांनी मला केबिनमध्ये नेऊन दार लावलं. "मॅडम, माणूस गेला. आता कशाला उकरून काढता? तुमचंच नाव खराब होईल." खराब होईल! तुमचं चार महिने चव्हाट्यावर धुतलं तेव्हा नाव म्हणजे काय असतं ते ह्यांना आठवलं नाही.

संध्याकाळी चाचींकडे गेले. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. चाचींनी ऐकलं. रडल्या नाहीत, मला कुशीतही घेतलं नाही. म्हणाल्या, "मला कशाला सांगतीस? मला ठाऊकच व्हतं. जिथं त्यांना नावं ठेवली, तिथं जाऊन सांग." आणि आत गेल्या. बरोबर होतं त्यांचं.

म्हणून केंद्राच्या भिंतीवर, पावती मिळते त्या खिडकीशेजारी, मी मोठ्या अक्षरांत कागद लावला. "उन्हाळ्यात रांग लागून दूध नासले ते मुनीरचाचांच्या प्रोग्राममुळे नाही. चूक माझ्या कामात होती. चाचांनी ती मला आधीच सांगितली होती, मी ऐकले नाही." खाली माझं पूर्ण नाव आणि सही. साहेबांनी तो काढायला लावला. मी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा मी खळ करून असा चिकटवलाय, की काढायचा तर चुना खरवडून काढावा लागेल. त्याबद्दल नोटीस देणार आहेत म्हणे मला. द्या म्हणावं!

चाचा, माफी मागायची तर तुम्ही नाही आहात, आणि भिंतीवर कागद चिकटवून ती भागत नाही, एवढी अक्कल मला आता आली आहे. पण आज सकाळी काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

चिमाबाई आल्या, नेहमीसारख्या शेपटाला. पण रांगच नव्हती. काट्यावर किटली ठेवली, फॅट लागली, पावती आली, सगळं त्यांनी पदर सावरेपर्यंत. पावती कमरेला खोचताना त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं. मला म्हणाल्या, "बाई, काय लिवलंय वो? वाचून दावा की." मी वाचून दाखवलं, सावकाश, माझ्या नावासकट. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. "चाचा म्हंजी त्यो चष्मेवाला म्हातारा ना? मशीन बसवाया आला व्हता तवा आमच्या वाडीत भाकर खाऊन गेलता. लई गोड मानूस." मग किटलीचं झाकण दाबून बसवत त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मंग त्यो जित्ता व्हता तवा का न्हाई बोल्लीस?"

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. चिमाबाई माझ्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत, रिकामी किटली घेऊन निघून गेल्या.